अस्सल दुरडी

चिमटा आमच्या वाचनालयात आला, त्या आठवड्यात पहिला बळी गेला तो पेठे वकिलांचा.

पेठे वकील आपल्या गच्चीवरचा एक काळसर टोमॅटो वर्षानुवर्षं गावभर मिरवत असत. बी थेट रशियातून आलं, तिथल्या एका म्हातारीने त्यांच्या भाच्याला रुमालात बांधून दिलं, अशी कथा होती. ती दर हंगामात थोडी लांबत असे. तपासनीस ऋतुजा मॅडमनी त्या झाडाचं पान चिमट्याच्या जबड्यात धरलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर एका साध्या बाजारी वाणाचं नाव उमटलं. खाली बारीक अक्षरांत: संकरित वाणाचा वंशज.

"यंत्राला रशियन येत नसेल," वकील म्हणाले.

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर वाचायला यायचे बंद झाले.

मी अवसरे, गुंजवडीच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून समितीने माझ्याकडे एक कपाट सोपवलं. पूर्वी त्यात मासिकं असत. मासिकं पडद्यावर गेली आणि कपाट ओस पडलं. त्यात आम्ही बी ठेवू लागलो. रीत पुस्तकासारखीच: पुडी न्यायची, लावायची, हंगाम संपला की आपल्या झाडाचं बी भरून परत आणायची. पुडीवर वाणाचं नाव आणि देणाऱ्याचं नाव. ती नावं मी सुवाच्य अक्षरात लिहीत असे. शेतीतलं मला फार कळत नाही. मला चिठ्ठ्या लावता येतात, इतकंच.

हा हौसेचा मामला होता तोवर बरं चाललं होतं. मग घडीरोग आला. टोमॅटोचं पान मधल्या शिरेवर घडी घातल्यासारखं मिटायचं, फुलं गळायची, फळ धरायचंच नाही. बाजारातली संकरित वाणं बघता बघता झोपली. तगली ती परसदारी जपलेली जुनी वाणं, आणि तीही सगळी नाहीत. जुन्या बियांना एकदम मान आला, आणि मान आला की मागोमाग भेसळ येते. कोणीही कशाचंही बी दुसऱ्याच्या नावावर खपवू लागला. शेवटी नियम निघाला: ज्या बियाचं नाव चिमट्याने पटवलेलं नाही, ते कोणी कोणाला द्यायचं नाही. विकत नाही, उसनं नाही, भेट म्हणूनही नाही.

चिमटा दिसायला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखाच, जरा थोराड. सरकारी वाणसंग्रहाच्या, म्हणजे बीजकोशाच्या, तपासनीस ऋतुजा काळभोर यांनी मला तो समजावून दिला. पानाचा थेंबभर रस तो ओढून घेतो. आत एक पातळ पापुद्रा असतो, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. पेशीतला डीएनएचा धागा त्या छिद्रातून ओवला जातो. धाग्यावर चारच अक्षरं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमाने. एकेक अक्षर छिद्रातून सरकताना विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त होतो आणि त्या चढउतारावरून यंत्र मजकूर वाचत जातं. मग तो मजकूर बीजकोशातल्या नमुन्यांशी ताडून बघायचा आणि ज्याच्याशी जुळेल त्याचं नाव सांगायचं.

"म्हणजे पुस्तक आतून वाचायचं," मी विचारलं, "आणि मग कव्हरावरचं नाव बरोबर आहे का ते बघायचं?"

"अगदी तसंच, सर."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आयुष्यभर मी पुस्तकं कव्हरं बघूनच लावली होती.

टोमॅटोची जात तशी घरकोंबडी. त्याच्या फुलात परागकोषांची एक नळी असते, स्त्रीकेसर त्या नळीच्या आत दडलेला असतो, आणि फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. त्यामुळे आजीचा टोमॅटो नातीच्या परसातही तोच राहतो. पण काही जुन्या वाणांत स्त्रीकेसर नळीतून बाहेर डोकावतो. एखादा भुंगा शेजारच्या झाडावरून येतो, गुणगुणतो, आणि पुढच्या पिढीत घरात परकं माणूस शिरतं. फळाकडे बघून ते लगेच कळत नाही. चिमट्याला कळतं.

आमच्या खोऱ्यातलं सगळ्यात नावाजलेलं वाण म्हणजे दुरडी. चपटं, खोल कंगोऱ्यांचं फळ, वेताच्या दुरडीसारखं. घडीरोगात इतर वाणं माना टाकत होती तेव्हा दुरडीची पानं उघडी राहिली. दुरडी भोइट्यांची, असंच सगळे म्हणत, आणि भोइट्यांकडे ती आता शालनवहिनींच्या हातात होती. त्या माझ्या शेजारीण. आमच्या परसांमध्ये मेंदीचं कुंपण. पतसंस्थेच्या माजी अध्यक्ष, आवाज खणखणीत, वाचनाची भूक मोठी. दर शनिवारी कादंबरी परत करताना त्या लेखकाला एका वाक्यात आडवा करून जात. मला मित्र फारसे नाहीत. त्या एक होत्या.

दुरडीची पाळी आली त्या दिवशी वाचनालयात बसायला जागा नव्हती. शालनवहिनी कुंडीतलं झाड स्वतः उचलून घेऊन आल्या.

"बघू तुमचा चिमटा माझ्या सासूबाईंना ओळखतो का," त्या म्हणाल्या.

पडद्यावर आलं: नोंद नाही.

ऋतुजा मॅडमनी दुसरं पान धरलं. मग तिसरं. नोंद नाही.

"म्हणजे काय?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे ही बीजकोशातली दुरडी नाही, मॅडम. कुठलंतरी दुसरं वाण आहे, ज्याचा नमुना आमच्याकडे नाही."

मागून कोणीतरी खाकरलं. तेवढ्यात वरच्या वाडीचे सर्जेराव ढाणे पुढे झाले. अंगाने दणकट, स्वभावाने बुजरे. त्यांच्या हातातल्या डब्यात एक झाड होतं.

"ह्याला आमी आईचा टमाटा म्हनतो," ते म्हणाले. "नाव मला ठावं न्हाई. आई गुंजवडीची व्हती, तिनं म्हायेरनं आनलेला. बगा काय निगतंय."

चिमटा मिटला, उघडला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत: दुरडी.

मी सर्जेरावांकडे बघितलं, मग वहिनींकडे. सगळेच तसं बघत होते. वहिनींनी आपली कुंडी उचलली, पदर खोचला आणि त्या सरळ निघून गेल्या.

एका दिवसात गाव बदलतं, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. आता बघितलं. ज्यांच्या घरी भोइट्यांची दुरडी होती, त्यांना आपल्याला फसवल्यासारखं वाटू लागलं. कोणी म्हणे, हिची मूळची झाडं कधीच मेली, हिने कुठलंतरी बी आणून नाव तेच ठेवलं. कोणी म्हणे, पतसंस्थेतही असंच चालत असणार, तेव्हा कुठे चिमटा होता! गंमत म्हणजे त्यांचीच झाडं परसात पानं उघडी ठेवून उभी होती. पण ती कोण बघतो? सगळे पडद्याकडे बघत होते. मीसुद्धा.

ऋतुजा मॅडमनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. भोइट्यांनी चुकीच्या नावाने बी दिलं, असं कपाटाचा पालक म्हणून मी लिहून द्यायचं. पुढच्या फेरीला त्या कागद घेऊन जाणार. मग दुरडी हे नाव सर्जेरावांच्या झाडाला मिळणार, खोऱ्यात त्याचंच बी वाढवलं जाणार, आणि शालनवहिनींना आपल्या झाडाचं बी कुणालाही देता येणार नाही.

"त्यांच्या पुतणीचं लग्न आहे," मी उगाचच म्हणालो. "भोइट्यांकडे मुलीबरोबर दुरडीचं बी द्यायची पद्धत आहे."

"सर, म्हणूनच ना. खोटं बी किती घरांत पसरलंय बघा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही लगेच सही करा असं नाही. चिमटा इथेच ठेवून जाते. तुमच्या मनाची खात्री करून घ्या."

मनाची खात्री ही वस्तू माझ्याकडे कधीच नव्हती.

त्या शनिवारी वहिनी पुस्तक बदलायला आल्या नाहीत. मी कुंपणापाशी दोनदा गेलो आणि काय बोलावं ते न सुचल्याने दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा गेलो ते दुपारी, आणि मेंदीच्या फटीतून मला दिसलं ते असं.

वहिनी मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात परात, परातीत वाळलेलं बी. त्या कागदाच्या पुड्या बांधत होत्या. बंदी असताना! प्रत्येक पुडी परातीतल्या बियांनी भरायची, आणि मग गुडघ्याआडच्या एका वाटीतून चिमूटभर वेगळं बी काढून त्यात टाकायचं. इकडेतिकडे बघायचं नाही, थांबायचं नाही. सवयीचा हात होता तो.

मी मागच्या पावली घरात आलो. छातीत धडधडत होतं. चोरी त्यांची आणि धडधड मला.

कपाटात भोइट्यांच्या जुन्या पुड्या होत्या. त्यांतली एक घेतली. जुन्या कार्ड-कॅटलॉगच्या खणात माती भरली आणि ते बी पेरलं. माझ्या हाताने मी आजवर काही पेरलं नव्हतं. कोंब येईपर्यंत मला वाटत होतं, आपण खोल पेरलं, आपण बुडवून मारलं. पण ते आले. बहुतेक रोपांचे दांडे जांभळट होते, जणू थंडीने काकडलेले. आणि मधूनमधून काही रोपं होती स्वच्छ पोपटी दांड्याची, टवटवीत.

पानं फुटल्यावर मी चिमटा लावला. जांभळ्या दांड्याची रोपं: नोंद नाही. सगळीच्या सगळी. मग पोपटी रोपाचं कोवळं पान जबड्यात धरलं.

दुरडी.

दुसरं पोपटी. दुरडी.

मी खुर्चीत बसून राहिलो. म्हणजे मी बघितलं ते खरं होतं. वहिनींकडे खरी दुरडी होती. ती त्या चिमटीचिमटीने खोट्या बियात मिसळत होत्या, दुधात पाणी घालावं तसं नव्हे, पाण्यात दूध. आणि हे त्यांना ठाऊक होतं. मी पेन उघडलं, कागद ओढला.

सही करताना माझा हात नेहमीच अडखळतो. बँकेतही मला दोनदा सही करायला लावतात. त्या दिवशी त्या अडखळण्यात एक प्रश्न शिरला. वहिनींकडे खरी दुरडी होती, तर त्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांनी तिचंच झाड का नाही आणलं? लबाड माणूस तपासणीला खरं नाणं आणतो आणि खोटं बाजारात चालवतो. यांनी उलटं केलं होतं. शालनवहिनी काहीही असोत, मूर्ख नव्हेत.

की हा माझा पक्षपात होता? मला तेही ठरवता येईना. मग मी ते केलं जे माझ्यासारख्याने कधी करू नये. वहिनी बाजारात गेल्या असताना कुंपणाच्या फटीतून त्यांच्या परसात शिरलो.

रोपांचे वाफे सोडून मी न्हाणीकडे गेलो, कारण तिथे, पाण्याच्या पाटाशी, कुडाच्या आडोशाला टोमॅटोची दोन झाडं वेगळी लावलेली मला फटीतून दिसली होती. फळं होती, पण गोल, कंगोरे नावापुरते. मी चिमटा लावला. घाईत पान फाटलं. दुसरं धरलं. दुरडी.

"ग्रंथपाल, चोरी करायची तर पायात चपला तरी घालू नयेत. फटाफट वाजतायत."

वहिनी मागे उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी.

चिमटा तसाच पानाला लटकला होता, हिरवी अक्षरं चमकत होती. त्यांनी वाकून ती वाचली. मग मोठ्याने वाचली. "दुरडी?"

"वहिनी," मी म्हणालो, "ही तुमच्याकडे होती. मग त्या दिवशी वाचनालयात हीच का नाही आणलीत?"

"ही? ही कशाला आणू?" त्या अशा स्वरात म्हणाल्या की जणू मी त्यांना स्वयंपाकघरातला पाटा का नाही आणलात असं विचारत होतो. "ही दुरडी कुठली? ही पाठराखीण."

"कोण?"

"पाठराखीण! नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर कोण जातं? एकटी पाठवतात का? बी तसंच. दुरडी उंबऱ्याबाहेर निघाली की पुडीत चिमूटभर हिचं बी घालायचं. बी एकटं परक्या मातीत जात नाही. माझ्या सासूबाईंनी घातलं, त्यांच्या सासूने घातलं."

"पण मग दोन्ही झाडं एकत्र वाढतील."

"कशी वाढतील? पुडी हातात देताना सांगायचं असतं ना: उगवल्यावर पोपटी दिसली की उपटून टाक. पाठराखीण सासरी राहते का? पोचवते आणि माघारी येते."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कोण सांगणार? बी बायका देतात आणि बायकाच घेतात. कपाटातली पुडी नेली तरी घरी लावणारी बाईच असते, तिला ठाऊक असतं."

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मी तिथे का उभा होतो ते. चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं.

"तुम्ही मला पुड्या भरताना बघितलंत."

मी मान हलवली.

"आणि सगळं गाव म्हणत होतं तेच तुमच्याही मनात आलं. यंत्राला विचारलंत. झाडाला विचारलंत. मधे एवढं मेंदीचं कुंपण. मला विचारायला काय झालं होतं, ग्रंथपाल?"

त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऋतुजा मॅडम पुढच्या फेरीला आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर तो लाकडी खण ठेवला. बिनसहीचा कागद बाजूला ठेवला. सर्जेरावांना बोलावून घेतलं होतं, पेपर वाचणारेही भोवती जमले. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून मी काही न बोलता चिमटा एकेका रोपाला लावत गेलो. जांभळं, नोंद नाही. पोपटी, दुरडी. आणि मग पाठराखिणीची रीत सांगितली.

मॅडमनी चिमटा माझ्या हातून घेतला आणि एक पोपटी रोप स्वतः तपासलं.

"आमचा नमुना," त्या म्हणाल्या, "फार वर्षांपूर्वी गुंजवडीतूनच नेलेला आहे. एका पुडीतलं बी. नमुन्याला एकच झाड लागतं, सर. एका पानात सगळा मजकूर असतो, म्हणून जास्त कोणी घेत नाही. ट्रेमध्ये उगवून आल्यावर सगळ्यात निरोगी रोप निवडायचं."

"आणि निरोगी म्हणजे?"

त्यांनी खणातल्या रोपांकडे बघितलं. "रोपाचा दांडा जांभळा पडला की मातीत स्फुरद कमी आहे किंवा थंडी बाधली, असं आम्हाला शिकवतात. खरं तर तो जांभळा रंग टोमॅटोत जन्मजात असतो. पोपटी रोपात तो रंग तयार करणारं एक जनुक बिघडलेलं असतं, बस. बाकी रोप ठणठणीत. पण ट्रेमध्ये दोन्ही शेजारी ठेवलीत, तर मीसुद्धा पोपटीच उचललं असतं."

"मी बी त्येच केलं," सर्जेराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते टोपी हातात घेऊन चुरगाळत होते.

"आई हुती तवर ती रोपं निवडायची. ती गेल्यावर मी निवडाय लागलो. जांभळी म्हंजी रोगाट, म्हनून फेकून द्याचो. पोपटी ठेवायचो." ते थांबले. "आनि आजून येक हाय. गेल्या पंधरवड्यापास्नं माजी पानं घडी घालाय लागल्यात. दुरडी असून अशी का करती, म्हनून मी कुनाला बोललो न्हाई. लाज वाटली."

"म्हणजे खोऱ्यात हेच बी वाढवलं असतं तर..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही.

सर्जेराव एकदम कपाळावर हात मारून हसले. "आयला! म्हंजी इतकी वरसं मी पाठराखनीलाच नवरी समजून नांदवली म्हना की!"

हसण्याचा असा स्फोट वाचनालयात मी कधी ऐकला नव्हता. 'शांतता राखा'ची पाटी माझ्या डोक्यावरच होती. फक्त ऋतुजा मॅडम हसल्या नाहीत. त्या हातातल्या चिमट्याकडे बघत होत्या, घरातल्या जुन्या नोकराकडे अचानक संशयाने बघावं तशा.

"यंत्र चुकलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्याने मजकूर बरोबर वाचला. त्याच्याकडे असलेल्या पुस्तकावरच नाव चुकीचं होतं. सर, आमच्या कोशात अशी किती असतील?"

मला त्यांची कणव आली. हा प्रश्न घेऊन झोप येत नाही, हे मला माहीत आहे.

पुढचं सरकारी गतीने झालं, पण झालं. बीजकोशाची माणसं आली, भोइट्यांची दुरडी असलेल्या अनेक घरांतून त्यांनी पानं नेली, ती सगळी एकमेकांशी जुळली, आणि जुना नमुना रद्द होऊन नवा आला. एके सकाळी चिमट्याने वहिनींच्या झाडाला दुरडी म्हटलं. पेठे वकील ती बातमी ऐकून धावत आले आणि आपला टोमॅटो पुन्हा तपासायला लावला. तो बाजारीच निघाला. पण निदान ते पुन्हा पेपर वाचायला येऊ लागले.

मात्र नव्या नियमांत एक ओळ होती: एका पुडीत एकच वाण, वर तसा शिक्का. पाठराखीण आता भेसळ ठरली होती.

गाव पुन्हा वहिनींच्या दाराशी जाऊ लागलं, हातात वाचनालयातून उसना नेलेला चिमटा घेऊन. त्यांच्यासमोर त्यांच्याच झाडाला लावून बघत. "धरा, धरा," मला कुंपणापलीकडून ऐकू येई. "पान धरून झालं की माझा कान धरा चिमट्यात. कुठल्या घराण्याची आहे ते कळू दे एकदा." लोक हसत आणि तरीही लावून बघत. पुतणीला त्यांनी लग्नात शिक्का मारलेली पुडी दिली. कपाटासाठी पुड्या आल्या त्या दुसऱ्याच्या हाती, चाळलेल्या, शिक्क्याच्या. शनिवारी मात्र वहिनी आल्या नाहीत. एकही शनिवार. त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेल्या कादंबऱ्या मी पुन्हा फडताळात लावल्या.

माफी कशी मागायची, यावर मी बरंच वाचलेलं आहे. त्याचा उपयोग झाला नाही.

मग एकदा मी झाडांना पाणी घालत असताना मेंदीवरून एक हात पुढे आला. हातात कागदाची पुडी. तिच्यावर शिक्का नव्हता, नावही नव्हतं.

"लावा," वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी ते बी पेरलं. या वेळी कोंब येतील की नाही याची काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. कोंब आले. मी चष्मा पुसून एकेक रोप बघितलं. सगळी जांभळी. पोपटी एकही नाही.

आणि माझं मन पुन्हा चालू लागलं. पाठराखीण घातली नाही. म्हणजे इतरांना देतात तशीच पुडी मला दिली, नियमाची, चिमटेवाल्यांना देण्याची. शिक्का नाही इतकंच. आता तुमचा आणि माझा संबंध एवढाच, असं तर त्यांना सांगायचं नसेल? की सहज दिली, आणि मी त्यात उगाच अर्थ शोधतोय? मी चार दिवस त्या रोपांकडे बघत बसलो. चिमटा टेबलावर होता. त्याला हे विचारता येण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी कुंपणाच्या फटीकडे गेलो नाही. चपला घातल्या, रस्त्यावरून वळसा घेतला आणि त्यांच्या पुढच्या फाटकाची कडी वाजवली.

वहिनी मागच्या ओट्यावर होत्या. पुढ्यात पिकलेल्या दुरड्यांचा ढीग आणि आंबवलेल्या गराचं पातेलं.

"वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही दिलेल्या पुडीत एकही पोपटी रोप नाही."

"नसणारच."

"नियम आहे म्हणून?"

त्यांनी वर बघितलं. "नियमाची पुडी असती तर शिक्का नसता का मारला?"

"मग..." मी थांबलो. पण इथवर आलो होतो. "मग माझ्या पुडीत पाठराखीण का नाही घातली?"

"घरातल्या घरात बी दिलं तर त्याच्याबरोबर पाठराखीण कशाला?" त्या म्हणाल्या आणि एका पिकल्या दुरडीत बोट घालून तिचे दोन भाग केले. "एवढं विचारायला इतके दिवस? कोंब तर गेल्या आठवड्यातच आले असतील."

मी उभाच होतो. त्यांनी पायाने एक पाट माझ्याकडे सरकवला, मग पातेलं मधे ओढलं.

"बसा. बाह्या वर करा. गर चोळून बी सुटं करायचं, हलक्या हाताने. आंबलाय, वास येईल. नाक मुरडलंत तर उठवून लावीन."

मी बाह्या वर केल्या.